डेटा शीटवर सगळे फोम सारखेच

उष्णता अडवायला भिंतींवर आणि छतांवर आम्ही गनने स्प्रे फोम मारतो. त्यातला आमचा जुना फोम बंद होणार हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. पण शेवटचे ड्रम हाताशी असेपर्यंत नव्याचा विचार कुणी करत नाही, आम्हीही केला नाही. एकच क्लोज्ड सेल मटेरियल वर्षानुवर्षं मारलं की हात त्याला सरावतो. होज किती गरम ठेवायचा, गन किती अंतरावरून चालवायची, पहिल्या थरानंतर किती थांबायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. नवीन मटेरियल आलं की हे सगळं पुन्हा शिकायचं, आणि ते चालू कामावर शिकण्यासारखं नसतं. म्हणून पुरवठादार पुढे करेल ते उचलण्याऐवजी तीन उत्पादनं समोरासमोर ठेवून पाहायचं ठरवलं.

जुनं मटेरियल बंद होण्याचं कारण त्याला फुगवणाऱ्या वायूत होतं. क्लोज्ड सेल फोममध्ये बारीक बंद कप्प्यांत अडकलेला वायूच उष्णता अडवण्याचं मोठं काम करतो. पूर्वी हा वायू सीएफसी-११ होता. त्याने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो गेला, त्याजागी एचसीएफसी-१४१बी आला, मग एचएफसी-२४५एफए आणि ३६५एमएफसी. एचएफसी ओझोनला त्रास देत नाहीत, पण वातावरण तापवण्यात २४५एफए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट आहे. २०१६मध्ये रवांडातल्या किगाली इथे त्यांनाही आवर घालायचं ठरलं. तापमानवाढीचा निर्देशांक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा, १५०च्या वर असलेल्या वायूंना फोममधून काढायला कॅनडाने २०२१ची, युरोपीय संघाने २०२३ची आणि अमेरिकेने २०२५ची सुरुवात ही मुदत धरली. आता फुगवायला जे येतं ते एचएफओ गटातलं, म्हणजे १२३३झेडडी किंवा १३३६एमझेडझेड. त्यांचा हा निर्देशांक एक आकडी आहे.

एचएफओ म्हटल्यावर वातावरणाचा प्रश्न सुटतो आणि गनवाल्याचा सुरू होतो. १२३३झेडडी साधारण १९ अंश सेल्सिअसला उकळतो, १३३६एमझेडझेड ३३ अंशांना. जुना २४५एफए १५ अंशांना उकळायचा. एवढ्या फरकानेही ड्रमचं झाकण उघडताना, होजमध्ये आणि गार पत्र्यावर मटेरियल वेगळं वागतं. ते कसं वागतं हे मात्र कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

पहिलं काम टेबलावरचं. तिन्ही कंपन्यांच्या टेक्निकल डेटा शीट शेजारी शेजारी मांडल्या आणि महत्त्वाचे आकडे एका कागदावर उतरवले. घनता, आर व्हॅल्यू (फोम उष्णता किती अडवतो त्याचं माप, जास्त तितकं चांगलं), दाब सहन करण्याची ताकद, बंद कप्प्यांचं प्रमाण, वाफ किती झिरपते, आगीच्या चाचणीचे आकडे. उतरवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वरची नावं झाकली तर कोणता रकाना कुणाचा हे सांगता येणार नाही. घनता सगळ्यांची ३२ किलो प्रति घनमीटरच्या आसपास. बंद कप्पे ९० टक्क्यांहून जास्त. आर व्हॅल्यू इंचाला सहा ते सातच्या मध्ये.

यात नवल काही नाही. हा फोम दोन ड्रममधली दोन रसायनं गनमध्ये एकत्र येऊन बनतो. एका बाजूला आयसो, म्हणजे पॉलिमेरिक एमडीआय हे आयसोसायनेट, आणि ते सगळ्यांचं जवळपास सारखंच. दुसऱ्या बाजूला पॉलिओलचं मिश्रण. त्यात फुगवणारा वायू, उत्प्रेरक, कप्पे एकसारखे ठेवणारं सिलिकॉन आणि आगीला रोखणारं रसायन. दोन्ही बाजू आकारमानाने एकास एक. कंपन्यांचं खरं कसब या पॉलिओलच्या ड्रममध्ये असतं, आणि डेटा शीटवरच्या मोठ्या आकड्यांत ते दिसत नाही. दिसलं तर आकड्यांखालच्या बारीक टिपांत दिसतं.

म्हणून दुसऱ्या फेरीला मी आकडे सोडले आणि टिपा वाचल्या. आर व्हॅल्यू किती जाडीच्या तुकड्यावर मोजली? एका कंपनीचा इंचाला सातला टेकणारा आकडा चार इंच जाडीवरून काढलेला होता, आणि एक इंचाचा आकडा त्याच पानावर, खाली, चांगलाच कमी होता. दुसरीने फक्त एक इंचाचा दिला होता. दोन्ही खरे, पण शेजारी ठेवून ताडण्यासारखे नाहीत. मग प्रश्न वयाचा. ताज्या फोमच्या कप्प्यांत जवळपास नुसता फुगवणारा वायू असतो. हळूहळू बाहेरची हवा आत शिरते, वायू थोडा बाहेर जातो, आणि फोमची अडवण्याची ताकद उतरते. उष्णता किती वाहते हे मोजलं, तर ताजा फोम ०.०२० वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास निघाला तरी मुरल्यावर ०.०२४पर्यंत जाऊ शकतो. ०.०२० म्हणजे इंचाला आर सातच्या थोडं वर आणि ०.०२४ म्हणजे आर सहा. त्यामुळे आकडा १८० दिवस मुरवलेल्या तुकड्याचा आहे, युरोपच्या ईएन १४३१५ पद्धतीने मुरवलेल्याचा आहे, की कॅनडाच्या एस७७० पद्धतीने काढलेला पंधरा वर्षांचा सरासरी अंदाज आहे, हे कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. एका पुरवठादाराला हे फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, एवढं कुणी विचारत नाही." मी म्हटलं, तरी पाठवा. त्याने पाठवलं, आणि पूर्ण अहवाल पाठवला. याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

आकार टिकण्याच्या चाचणीतही तेच. ७० अंश तापमान आणि ९७ टक्के आर्द्रता यात तुकडा ठेवायचा आणि किती फुगला किंवा आकसला ते मोजायचं. एकाने चौदा दिवसांनंतरचा आकडा दिला होता, दुसऱ्याने अठ्ठावीस. चौदावाल्याचा अर्थातच देखणा होता. दाबाच्या ताकदीचं सांगायचं तर फोम ज्या दिशेने फुगतो त्या दिशेने जास्त भार घेतो आणि आडव्या दिशेने कमी. कोणत्या दिशेने दाबला ते लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा खोडतो. भिंतीच्या पोकळीतल्या फोमला त्याने फारसा फरक पडत नाही, ज्यावर माणसं चालणार त्या छताला पडतो. पण छतावर मारायचा फोम मुळातच जास्त घनतेचा घेतात, ४५ ते ४८ किलोचा, आणि तो या तुलनेत नव्हताच.

कागद बाजूला ठेवून नमुने मारायला घेतले. एक ड्रमची जोडी विकत घेऊन पाहणं हा खर्चिक उद्योग असतो. दोन कंपन्यांनी नमुन्यादाखल मटेरियल आणि सोबत आपला माणूस दिला, तिसऱ्याचं आम्ही घेतलं. माझी अट एकच होती. मशीन आमचं, होज आमचा, गन आमची, आणि गनवर माणूसही आमचा. कंपनीचा माणूस उत्तम मारतो, त्यात शंका नाही. पण कामावर तो नसतो.

पृष्ठभाग तीन घेतले: गॅल्व्हनाइज्ड पत्रा, प्लायवूड आणि काँक्रीट. प्लायवूडची ओल मीटरने मोजून घेतली. लाकडात १८–१९ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असेल तर फोम मारूच नये. आयसो पाण्याशी भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि चिकटायच्या जागी बुडबुड्यांचा ठिसूळ थर बसतो. पत्रा पुसून घेतला, कारण नव्या पत्र्यावर तेलाचा पातळ हात असतो. तिन्ही मटेरियल एकाच प्रकारच्या तुकड्यांवर, सकाळच्या गारव्यात एकदा आणि उन्हं चढल्यावर एकदा, असं मारायचं ठरलं. दोन मटेरियलच्या मध्ये होज पूर्ण रिकामा करून घेतला. जुन्या एचएफसी पॉलिओलचा शेष नव्यात मिसळू देऊ नये असं कंपन्या सांगतात, आणि तुलनेसाठी तर ते आणखीच गरजेचं होतं.

आमच्या कामावरच्या मुलांनी पहिल्याच सकाळी दोन मटेरियलना टोपणनावं दिली. एक मटेरियल गनमधून सुटताच उसळून जागच्या जागी घट्ट होत होतं, ते झालं तापट. दुसरं पत्र्यावर पडून क्षणभर विचार करायचं आणि मग सावकाश फुगायचं, ते आळशी. तिसऱ्याला नाव पडलं नाही. ज्याच्याबद्दल बोलायला काही नसतं त्याला नाव पडत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत तिसरंच राहिलं.

गार पत्र्यावर तापटाने बाजी मारली. गार पत्रा फोमची उष्णता ओढून घेतो. खालचा पातळ थर नीट फुगत नाही, काचेसारखा कडक होतो, आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. तापटाची उसळी एवढी होती की तो थर जवळपास दिसलाच नाही. आळशीचा मात्र दिसला. सुरीने पत्र्यापर्यंत कापून तुकडा उपटला तेव्हा तापटाचा फोम मधूनच फाटला आणि पत्र्यावर फोमचा खरखरीत थर राहिला. हेच हवं असतं. फोम फाटला पाहिजे, सुटता कामा नये. आळशीचा तुकडा अर्ध्याहून अधिक भागात स्वच्छ निघून आला, खाली पिवळसर चकचकीत कातडी घेऊन. गनवरचा आमचा जुना माणूस तो तुकडा उलटा करून म्हणाला, "दादा, हा पत्र्यावर बसलाच नाही, नुसता टेकला होता." कंपनीच्या माणसाचं म्हणणं पडलं की ही उन्हाळी ग्रेड आहे, गारव्यासाठी वेगळी येते. ते खरंच आहे. जवळपास सगळ्या कंपन्या वेगवेगळ्या हवामानासाठी वेगवेगळ्या वेगाच्या ग्रेड देतात. पण मग माझा पुढचा प्रश्न: ती दुसरी ग्रेड तुमच्याकडे नेहमी साठ्यात असते, की मागवल्यावर येते? त्यावर जरा शांतता पसरली.

उन्हात चित्र उलटलं. तापलेल्या पत्र्यावर तापट इतक्या लवकर घट्ट व्हायचा की पट्ट्यावर पट्टा चढवताना कड एकजीव होईना. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा न राहता खडबडीत, पॉपकॉर्नच्या ढिगासारखा झाला. दिसायला वाईट ही किरकोळ बाब. खरा तोटा जाडीचा. पन्नास मिलिमीटर किमान हवी असेल तर ती उंचवट्यांवर नाही, खड्ड्यांत भरावी लागते, आणि उंचवट्यांचं मटेरियल फुकट जातं. गनचं मिक्सिंग चेंबरही सारखं धरत होतं. होजचं तापमान उतरवल्यावर जरा सुधारलं, पण फार उतरवलं की पॉलिओल घट्ट होऊन दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडायला लागला. म्हणजे तापटाला एका बाजूने भिंत आणि दुसऱ्या बाजूने दरी, मधला रस्ता अरुंद. आमची मशीन आणि होज साधारण ४५ ते ५५ अंशांत चालतात. तिसऱ्याने त्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सारखाच फोम दिला, आळशीने वरच्या अर्ध्यात, आणि तापटाने मधल्या थोड्या अंशांत.

माझ्या मते तुलनेतला सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि तो कोणीच छापत नाही. किती तापमानांच्या आणि किती दाबांच्या पट्ट्यात हे मटेरियल नीट वागतं? आर व्हॅल्यूतला अर्ध्या अंकाचा फरक जाडी जरा वाढवून भरून निघतो. दर दोन तासांनी हवा बदलली की मशीनची सेटिंग्ज बदलायला लावणारं मटेरियल कशानेच भरून निघत नाही.

प्रमाण चुकलं की काय होतं हेही मुद्दाम पाहून घेतलं, म्हणजे मुलांना ओळखता यावं. आयसो जास्त गेलं की फोम गडद, ठिसूळ, नखाने दाबलं तर कुरकुरतो. पॉलिओल जास्त गेलं की मऊ, चिकट, वास न जाणारा, आणि काही दिवसांनी आकसणारा. हे तिन्हींत सारखंच दिसतं. फरक एवढाच की एकाचा पॉलिओल रंगवलेला होता, त्यामुळे रंगावरून लगेच कळायचं. दुसऱ्या दोघांचा फोम फिकट पिवळा, तिथे नजर तयार असावी लागते.

आता थराची जाडी. या एका विषयावर विक्रेते जेवढं बोलतात तेवढं दुसऱ्या कशावर नाही. आयसो आणि पॉलिओल भिडले की उष्णता सुटते. फोम स्वतःच उष्णता अडवणारा, त्यामुळे मधली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. जुन्या मटेरियलला एका थरात पन्नास मिलिमीटरची मर्यादा असायची, आणि पुढचा थर द्यायच्या आधी खालचा निवू द्यावा लागे. ती मोडली की आत फोम करपतो, फुटतो, वास धरतो, आणि फारच जाड ढीग झाला तर आत धुमसून पेट घेतल्याचीही उदाहरणं आहेत. छाटलेला ताजा फोम पोत्यात कोंबून ठेवू नये, पसरून ठेवावा, हे याच कारणाने.

नव्या एचएफओ मटेरियलपैकी काही एका थरात शंभर मिलिमीटर किंवा त्याहून जास्त चालतं असं सांगतात. आळशीची मुख्य जाहिरात तीच होती. आम्ही लाकडी खोक्यात प्रत्येकाचे दोन ठोकळे मारले, एक कंपनीने सांगितलेल्या कमाल जाडीचा आणि एक त्याहून जरा जास्त. मध्यभागी तापमान मोजणारी तार आधीच रोवून ठेवली होती. तापटाचा काटा भराभर चढला आणि बराच वेळ वरच राहिला. आळशीचा सावकाश चढला, कमी चढला. दुसऱ्या दिवशी ठोकळे करवतीने मधोमध कापले. तापटाच्या जाड ठोकळ्यात मध्यावर बोटभर रुंद तपकिरी पट्टा होता, त्यात केसासारखी एक भेग, आणि कापताना उग्र वास आला. सांगितलेल्या जाडीच्या ठोकळ्यात असं काही नव्हतं. आळशीचे दोन्ही ठोकळे आरपार एका रंगाचे, कप्पे बारीक आणि सारखे. हातात धरून पाहावा असा छेद होता तो. तिसऱ्याने आपली मर्यादा पाळली, त्यापलीकडे मध्यावर जरा गडद झाला.

खरं सांगायचं तर तो छेद पाहून माझं मन आळशीकडे झुकलं होतं. खोल पोकळी एका फेरीत भरता आली तर मजुरीचा वेळ किती वाचतो हे काँट्रॅक्टरला समजावून सांगावं लागत नाही. पण यात एक मेख आहे. जाड थर चालतो याचा अर्थ भिंतीवर जाड थर टिकतो असा नाही. उभ्या पृष्ठभागावर सावकाश फुगणारं मटेरियल स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं, आणि गारव्यात जास्तच. आडव्या छतासाठी, खोल पोकळ्यांसाठी आळशी छान. उघड्या उभ्या पत्र्यासाठी नाही.

एका ड्रमजोडीत किती काम होतं हा हिशेब मी डेटा शीटवरून करत नाही, तराजूवर करतो. एक जोडी म्हणजे साधारण ४५४ किलो मटेरियल धरू. घनता ३२ असेल तर कागदावर १४.२ घनमीटर फोम, म्हणजे ५० मिलिमीटर जाडीचे २८४ चौरस मीटर. पण ३२ ही गाभ्याची घनता असते. चाचणीला पाठवताना वरची आणि खालची कातडी कापून टाकतात. भिंतीवर बसलेल्या फोमला कातडी असते, दोन थर दिले तर मधेही एक असते. ती धरून घनता ३७ निघाली, तर त्याच जोडीचे २४५ चौरस मीटर होतात. उडून जाणारं, छाटून टाकायचं आणि मोजमापापेक्षा जास्त बसलेलं यानंतर वजा करायचं.

ही बसलेली घनता काढायला प्रयोगशाळा लागत नाही. फोमचा कातडीसकट तुकडा कापायचा, बारीक काट्यावर वजन करायचं, मग मापाच्या भांड्यात पाण्याखाली दाबून धरायचा आणि पाणी किती चढलं ते वाचायचं. कप्पे बंद असल्याने एवढ्या वेळात पाणी आत शिरत नाही. तुकडा तरंगायला धडपडतो म्हणून बारीक तारेने दाबावा, बोटाने दाबला तर बोटाचंही पाणी मोजलं जातं. वजन भागिले आकारमान. तिन्हींचे सकाळचे आणि दुपारचे तुकडे असे मोजले. कागदावर तिघांची घनता सारखी होती, पत्र्यावर नव्हती. गारव्यातला आळशी सगळ्यात जड निघाला, कारण नीट फुगलाच नाही. तापट सकाळी हलका, पण दुपारच्या खडबडीत पृष्ठभागाने तो फायदा खाल्ला. तिसरा दोन्ही वेळा मधेच, आणि दोन्ही वेळा जवळजवळ तोच. घनता सांगितल्यापेक्षा कमी निघाली तर खूश होऊ नये, तो फोम पुढे आकसण्याची भीती असते.

ड्रमवरच्या तारखेकडे आता पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. एचएफओ, विशेषतः १२३३झेडडी, पॉलिओलमधल्या काही अमाइन उत्प्रेरकांशी ड्रममध्येच हळूहळू भिडतो. उत्प्रेरक कमकुवत होतो आणि मटेरियल दिवसेंदिवस मंद होत जातं. कंपन्यांनी उत्प्रेरक बदलून हे बरंच आटोक्यात आणलंय, तरी पॉलिओलची मुदत सहसा सहा महिन्यांच्या आसपासच असते, तीही ड्रम सांगितलेल्या तापमानात ठेवला तर. म्हणून विकत घेताना ड्रम कधी भरला हे विचारायचं, कधी पोचला हे नाही. आम्ही प्रत्येकाचं थोडं पॉलिओल ठेवून काही आठवड्यांनी पेल्यात ढवळून पाहिलं. आयसो आणि पॉलिओल सारखं घ्यायचं, ढवळायचं, आणि फेस धरायला आणि वर चढायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एकाचा वेळ सरकला होता, दोघांचा नाही. कुणाचा सरकला होता ते त्या कंपनीला कळवलं, त्यांनी बॅच तपासतो म्हटलं.

पॉलिओलचा ड्रम उन्हात तापलेला असेल तर झाकण एकदम उघडायचं नाही. लहान बूच अलगद सैल करून आधी दाब सोडायचा, नाहीतर मटेरियल फेसाळून अंगावर येतं. आयसोच्या ड्रमला उलट काळजी, त्यात दमट हवा जाऊ द्यायची नाही. हवा सुकवणारा फिल्टर लावला नाही तर आत खडे धरतात आणि गनच्या जाळीत अडकतात.

आगीच्या आकड्यांनी मात्र निकाल फिरवला. तिन्ही शीटवर एएसटीएम ई८४ या अमेरिकी आगीच्या चाचणीचं क्लास ए छापलेलं होतं. ज्वालेचा प्रसार २५च्या आत, धूर ४५०च्या आत. ग्राहकाला वाटतं की म्हणजे फोम पेटत नाही. पेटतो. ही चाचणी चोवीस फुटी बोगद्याच्या छताला तुकडा लावून दहा मिनिटं घेतात, आणि ती एका ठरावीक जाडीपर्यंतच असते. म्हणून राहत्या जागेच्या बाजूने उघडा फोम ठेवता येत नाही. त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड किंवा तेवढंच संरक्षण देणारं, चाचणी झालेलं आच्छादन लागतं. जिथे बोर्ड लावता येत नाही तिथे आगीत फुगणारा कोटिंगचा थर देतात. आणि हे कोटिंग कुठल्याही फोमवर चालत नाही. अमुक फोम, अमुक जाडी, त्यावर अमुक कोटिंग अमुक जाडीने, अशी जोडी मिळून चाचणी पास झालेली असावी लागते.

आम्ही वापरतो त्या कोटिंगसोबत कोणाची चाचणी झालीय, असा साधा प्रश्न तिघांना टाकला. तिसऱ्याने अहवाल पाठवला, आमच्या लागतात त्या जाड्यांसकट. तापटाचा होता, पण कमी जाडीपुरता. आळशीचा वेगळ्याच कोटिंगसोबत होता, आणि तोही जिथे तो सगळ्यात उपयोगी, त्या खोल थरांसाठी नाही. ज्या जाडीसाठी मी ते मटेरियल घेणार, त्या जाडीला ते झाकायला माझ्याकडे कागद नव्हता. कंपनीचा माणूस म्हणाला, "चाचणी होईल, काम सुरू करा." तपासणीला येणाऱ्याला मी काय दाखवणार होतो, त्याचं हे वाक्य?

वासाचं आणि परत आत जाण्याचं थोडक्यात. मारताना आणि त्यानंतर जागा रिकामी हवी, सर्वसाधारणपणे चोवीस तास. काही कंपन्या हवा खेळती ठेवली तर त्याहून कितीतरी कमी वेळ सांगतात. तो दावा तासाला किती वेळा हवा बदलण्याच्या अटीवर आहे ते वाचावं, आणि तेवढा पंखा आपल्याकडे आहे का ते पाहावं. आमच्या माणसांपुरतं मी यात कोणाचं ऐकत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगभर कपडे, हातमोजे. आयसोची एकदा का शरीराला ॲलर्जी बसली की पुढे नावापुरता अंशही दमा उठवतो आणि त्या माणसाला हा धंदा कायमचा सोडावा लागतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय व्यावसायिक कामात हे हाताळता येत नाही. इतरांनी नियमाची वाट पाहू नये.

शेवटी आम्ही तिसरं घेतलं. त्याचा छेद आळशीइतका सुंदर नाही, गारव्यात तो तापटाइतका घट्ट धरत नाही, आणि शीटवर त्याची आर व्हॅल्यू तिघांत सगळ्यात कमी होती, नावापुरतीच. पण सकाळी आणि दुपारी तो तोच फोम असतो, कोटिंगचा कागद आहे, आणि फोन केला तर पलीकडचा माणूस आधी होजचं तापमान विचारतो, ऑर्डर नाही. थंडीच्या दिवसांतल्या उघड्या पत्र्याच्या कामांसाठी तापटाच्या काही जोड्या वेगळ्या ठेवतो. दोघांचे पॉलिओल एकत्र होऊ नयेत म्हणून ड्रमच्या पंपावर रंगाची पट्टी चिकटवलेली असते, आणि बदलताना होज रिकामा केल्याची नोंद मुलं वहीत करतात. आळशीच्या कंपनीला मी सांगून ठेवलंय की खोल थराचा कोटिंगसकट अहवाल आला की पहिला फोन मला करा. अजून आलेला नाही. आला तर छताची कामं त्याला द्यायला मी तयार आहे, पण त्याची गारव्याची ग्रेड आधी त्याच पत्र्यावर मारून, उपटून पाहीन.